गाण्यातून आलेली बासरी

1933 साली मद्रासच्या मैलापूर भागात त्यागराज उत्सव चालू होता. गवयांच्या, व्हायोलिनवादकांच्या हजेऱ्या लागत होत्या. त्या उत्सवात सात वर्षांचा एक मुलगा हातात बासरी घेऊन बसला. श्रोत्यांमध्ये मुसिरी सुब्रमण्य अय्यर हे त्या काळचे मोठे गवई होते. परूर सुंदरम अय्यर हे व्हायोलिनवादकही त्यांच्यात होते. मुंबईत विष्णु दिगंबर पलुसकरांच्या सहवासात हिंदुस्थानी संगीत जवळून ऐकून आलेला हा माणूस, म्हणजे दोन्ही पद्धतींचा जाणकार. वादन संपल्यावर या दोघांनी त्या मुलाला शाल पांघरून त्याचा गौरव केला, असं सांगतात. मुलाचं नाव महालिंगम. पुढे सगळा दक्षिण भारत त्याला ‘माली’ म्हणून ओळखू लागला आणि कर्नाटक संगीतातल्या बासरीचा इतिहास ‘मालीच्या आधी’ आणि ‘मालीच्या नंतर’ असा सांगितला जाऊ लागला.

बालकलाकारांच्या गोष्टी आपण बहुधा चमत्कार म्हणून ऐकतो. पूर्वजन्मीचं संचित, दैवी देणगी असं म्हटलं की पुढे विचारायला काही उरत नाही. मालीची प्रतिभा असामान्य होती, त्याबद्दल वादच नाही. पण ती प्रतिभा कुठल्या मातीत उगवली, तिच्या कानावर काय पडत होतं, बोटांना काय करावं लागत होतं, हे पाहिलं तर बासरी मुळात शिकली कशी जाते याचा बराच उलगडा होतो. आणि त्यातून एक गोष्ट सारखी समोर येते. आपल्याकडची मोठी बासरी गाण्यातून आली आहे.

टी. आर. महालिंगम यांचा जन्म 6 नोव्हेंबर 1926 रोजी तिरुविडैमरुदूर इथे झाला. नावातला पहिला ‘टी’ या गावाचा आणि ‘आर’ वडील रामस्वामी अय्यर यांचा. गावच्या देवळातला देव महालिंगस्वामी, त्यावरून मुलाचं नाव. कुंभकोणमपासून जवळच, कावेरीच्या खोऱ्यात हे गाव आहे. त्यागराज, मुथुस्वामी दीक्षितर आणि श्यामा शास्त्री हे कर्नाटक संगीताचे तिन्ही आधारस्तंभ याच खोऱ्यातले. देवळात रोज नागस्वरम वाजायचं, उत्सवात रात्र रात्र रागविस्तार चालायचा, घरोघरी मुलं सरगम घोकायची. अशा ठिकाणी वाढणाऱ्या मुलाला राग ‘शिकवावा’ लागण्याआधीच ओळखीचा झालेला असतो.

या भागाशी आपला मराठी माणसांचा धागा जुना आहे. व्यंकोजीराजांपासून 1855 पर्यंत तंजावरला भोसल्यांचं राज्य होतं आणि त्या दरबारानं संगीताला मोठा आश्रय दिला. मराठी कीर्तनाचा तिथल्या कथाकारांवर इतका परिणाम झाला की तमिळ हरिकथेत साकी, दिंडी, ओवी, अभंग हे प्रकार मुरले आणि आजही आहेत. हे इथे सांगायचं कारण म्हणजे दक्षिणेत बासरीला मैफलीच्या मधोमध आणून बसवणारे शरभ शास्त्री हे कुंभकोणमचे, आणि ते हरिकथेचेही मोठे जाणकार होते. 1872 ते 1904 एवढंच त्यांचं आयुष्य. लहानपणीच दृष्टी गेलेली. त्यांच्या आधी बासरी देवळातल्या आणि नाचाच्या साथीची होती. शरभ शास्त्रींनी तिच्यावर कृती, म्हणजे बांधलेल्या गायनरचना, वाजवून ती स्वतंत्र वादनाला लायक आहे हे दाखवलं. त्यांचे शिष्य पल्लडम संजीव राव यांनी ती परंपरा पुढे चालवली. माली बासरी हातात घेत होता तेव्हा दक्षिणेत बासरी म्हणजे संजीव राव असं समीकरण होतं. म्हणजे मैफलीचं वाद्य म्हणून कर्नाटक बासरीचं वय तेव्हा जेमतेम दोन पिढ्यांचं होतं. तिच्या वाटा अजून पक्क्या झालेल्या नव्हत्या. एखाद्या मुलानं तिला वेगळं वळण लावायला ही परिस्थिती सोयीची ठरली, असं मला वाटतं. व्हायोलिन किंवा वीणा असती तर परंपरेनं त्याची बोटं आधीच बांधून टाकली असती.

मालीचे मामा ‘जाल्रा’ गोपाल अय्यर मुलांना गाणं शिकवायचे. जाल्रा म्हणजे झांज. मालीची भावंडं त्यांच्याकडे शिकत होती, आणि मालीलाही गाणंच शिकायला बसवलं होतं. बासरीचा ओढा त्याचा स्वतःचा. ती कुणी त्याला बोटं धरून शिकवली नाही. सांगतात ते असं की मामांच्या शिकवणीतून कानावर पडलेलं ‘विरिबोणि’ हे वर्णम त्यानं आपलं आपण बासरीवर बसवलं, आणि ते ऐकून मामांच्या लक्षात आलं की या मुलाचं वाद्य हेच.

या गोष्टीचं मोल कळायला ‘विरिबोणि’ काय आहे हे माहीत हवं. हे भैरवी रागातलं, अट तालातलं वर्णम. रचनाकार पच्चिमिरियम आदियप्पय्या, हे तंजावरच्या मराठा दरबारातले संगीतज्ञ. श्यामा शास्त्रींना शिकवणारे म्हणूनही त्यांचं नाव घेतलं जातं. अट ताल चौदा मात्रांचा, पाच, पाच, दोन आणि दोन असा मोडलेला. वर्णम म्हणजे रागाचं सगळं व्याकरण एका रचनेत ठासून भरलेलं असतं. कुठला स्वर कसा हलवायचा, कुठून कुठे जायचं, कुठे थांबायचं, ते सगळं. आधी सरळी वरिसै, म्हणजे सरळ स्वरपंक्ती, मग ‘सासा रीरी’ अशा जोडस्वरांच्या जंट वरिसै, मग सात तालांचे अलंकार तीन लयींत, मग गीतम, आणि मग वर्णम, असा कर्नाटक शिक्षणाचा क्रम आहे. सुरुवातीचे पाठ मायामाळवगौळ रागात, म्हणजे आपल्या भैरव थाटाच्या स्वरांत असतात. पुरंदरदासांनी ही पद्धत घालून दिली असं मानतात. अट तालाचं वर्णम हा या शिडीवरचा बराच वरचा टप्पा आहे आणि ‘विरिबोणि’ त्यातला मुकुटमणी. आजही मोठे गवई मैफलीची सुरुवात त्यानं करतात.

आता हे बासरीवर वाजवायचं म्हणजे काय, ते पाहू.

कर्नाटक बासरी ही दीड फुटाच्याही आतली, बांबूची, फुंकर घालायच्या छिद्राशिवाय आठ छिद्रांची. त्यांतली सात बोटांखाली येतात. फुंकर छिद्राच्या पलीकडच्या कडेवर आदळते, तिथे हवेचा झोत आत-बाहेर असा वेगानं हलू लागतो आणि नळीतली हवा कंप पावते. उघड्या पहिल्या छिद्रापर्यंतची नळीची लांबी जेवढी जास्त, तेवढा स्वर खालचा. फुंकर जोरकस आणि बारीक केली की तोच स्वर एकदम वरच्या सप्तकात उडी घेतो. इतकी साधी यंत्रणा. पेटीसारख्या पट्ट्या नाहीत, सतारीसारखे पडदे नाहीत. छिद्रं पूर्ण उघडून किंवा पूर्ण झाकून सरळ मिळणारे स्वर हे दक्षिणेच्या हरिकांभोजीचे, म्हणजे आपल्या खमाज थाटाचे. त्याबाहेरचं सगळं बोटाच्या अर्ध्यामुर्ध्या झाकणीतून आणि ओठांच्या कोनातून काढावं लागतं.

दक्षिणेची भैरवी आणि आपली भैरवी यांत नावाखेरीज फारसं साम्य नाही. तिचे स्वर आपल्या आसावरी थाटाच्या जवळचे आहेत. गंधार आणि निषाद कोमल, धैवत मात्र दोन्ही. बासरीवर पहिली दोन छिद्रं झाकली की षड्ज. फक्त पहिलं झाकलं की शुद्ध ऋषभ, सगळी उघडली की शुद्ध गंधार. भैरवीला हवा असतो कोमल गंधार, म्हणजे पहिलं छिद्र अर्धवट झाकायचं. पण तेवढ्यानं भागत नाही. कर्नाटक संगीतात हा गंधार स्थिर उभा राहत नाही, तो ऋषभाच्या आणि मध्यमाच्या दिशेनं सतत हेलकावत असतो. या हेलकाव्याला गमक म्हणतात आणि तो काढला तर भैरवी राहत नाही, नुसती सरगम उरते. व्हायोलिनवर बोट तारेवरून सरकवता येतं, गळ्यात तर सगळं सलगच असतं. बासरीवर मात्र छिद्रं एकमेकांपासून तुटक. डावी तर्जनी छिद्रावर लोळवून, थोडी उघडून, पुन्हा थोडी झाकून हा हेलकावा निर्माण करायचा आणि त्याच वेळी फुंकरीचा जोर बोटाच्या हालचालीशी जुळवून घ्यायचा. बोट किती लोळवायचं याची खूण बांबूवर कुठेच नाही. ती फक्त कानात असते. ज्याच्या कानात गायलेली भैरवी पक्की आहे त्याचं बोट ती शोधत जातं. ज्याच्या कानात ती नाही त्याला बोटांचा कुठलाही तक्ता उपयोगी पडणार नाही.

मालीची सगळी क्रांती याच एका ठिकाणाहून निघते. त्याच्या आधीचं वादन बरंचसं जिभेच्या आघातांवर उभं होतं. ‘तू तू’ असा जिभेचा ठोका देऊन प्रत्येक स्वर वेगळा, टोकदार आणि जलद काढायचा. संजीव रावांचा हा हातखंडा होता, आणि त्या काळी श्रोत्यांना तो फार आवडायचा. बासरीचा स्वभावच असा, असंही लोक धरून चालले होते. माली मात्र मामांकडे गाणं ऐकून आलेला. गवई काही प्रत्येक स्वराला ठोका देत नाही. एका श्वासात शब्द, स्वर आणि गमक असे गुंफत नेतो. माली बासरीवर तेच शोधत राहिला. जिभेचा वापर त्यानं अगदी कमी केला, ओठांची ठेवण बदलली आणि बोटांची पकडही बदलली. पोपट फांदी धरतो तशी ही पकड, म्हणून तिचं नावही तसंच पडलं. टोकांऐवजी बोटांचे सपाट भाग छिद्रांवर टेकले की छिद्र थोडं थोडं उघडत नेणं सोपं होतं. शिवाय बोटांच्या आडव्या जोडण्यांनी, म्हणजे वरचं छिद्र उघडं ठेवून खालची झाकून, त्यानं सरळ न मिळणारे स्वर काढले. जोडस्वर वाजवताना दुसऱ्या ‘सा’साठी जीभ न लावता बोट क्षणभर उचलून टेकवायचं, असे छोटे छोटे उपाय यात आहेत. सगळ्यांचा हेतू एकच, श्वास तुटू द्यायचा नाही.

कुणी शिकवणारा बासरीवादक जवळ नव्हता, याचा इथे फायदाच झाला. त्याच्याकडे समोर बासरीचा नमुना नव्हता, गाण्याचा होता.

मैलापूरच्या त्या पहिल्या मैफलीनंतर बोलावणी सुरू झाली आणि वाढतच गेली. कर्नाटक कच्चेरी, म्हणजे मैफल, हे काही दहा मिनिटांचं बालगीत नव्हे. वर्णमनं सुरुवात, मग कृती, त्यांतल्या काहींच्या आधी आलापना, मधे कल्पनास्वर, म्हणजे जागीच रचलेल्या स्वरपंक्ती, मग एखादा विस्तृत राग किंवा रागम-तानम-पल्लवी हा मोठा विस्तार, मृदंगवाल्यांचं तनी आवर्तनम, म्हणजे एकट्या तालवाद्यांचं वादन, आणि शेवटी हलक्या रचना. त्या काळी हे तीन-चार तास सहज चालायचं. शेजारी व्हायोलिन, पलीकडे मृदंग. व्हायोलिनवादक तुमचा प्रत्येक आलाप ऐकून लगेच उत्तर देतो. कल्पनास्वरांत तर देवाणघेवाणच असते. मृदंगवादक तुमच्या हिशेबावर लक्ष ठेवून असतो. पालघाट मणी अय्यर यांच्यासारखा मृदंगसम्राट मालीच्या साथीला बसायचा. या माणसासमोर ताल चुकवून चालत नाही. लहान मूल म्हणून सवलत मिळाली असेल ती सुरुवातीच्या कौतुकापुरतीच. पहिल्या काही मैफलींनंतर लोक वय बघायला नाही, बासरी ऐकायला येत होते.

आणखी एक गोष्ट त्याच सुमाराला घडत होती, तिच्याकडे सहसा लक्ष जात नाही. 1930 नंतरच्या दशकात मद्रासच्या सभागृहांत ध्वनिक्षेपक आले. त्याआधी बासरीवाल्याला शेवटच्या रांगेपर्यंत पोचायला वरच्या सप्तकात, जोरानं फुंकत राहावं लागायचं. मंद्रातली हळवी फुंकर पहिल्या चार ओळींच्या पलीकडे जायचीच नाही. ध्वनिक्षेपक आला आणि हळू वाजवणंही ऐकू येऊ लागलं. मालीच्या वादनातली शांतता, दोन वाक्यांमधली मोकळी जागा, खालच्या सप्तकातला भरीव आवाज हे सगळं त्याच्या प्रतिभेचं आहेच, पण ते हजार लोकांपर्यंत पोचलं ते या यंत्रामुळे. 1938 मध्ये आकाशवाणीचं मद्रास केंद्र सुरू झालं आणि बासरी घराघरांत गेली.

दक्षिणेत बासरीचे बालवादक इतके का झाले, हा प्रश्न मराठी वाचकाला पडू शकतो. मालीचेच शिष्य आणि नात्यातले एन. रमणी यांची पहिली मैफल आठव्या वर्षी सिक्कलच्या देवळात झाली. त्यांचे आजोबा आळियूर नारायणस्वामी अय्यर स्वतः बासरीवादक, शरभ शास्त्रींच्या परंपरेतले. सिक्कल भगिनी कुंजुमणी आणि नीला याही लहान वयातच वाजवू लागल्या. अलीकडच्या काळात शशांक सुब्रमण्यम. आपल्याकडे हिंदुस्थानी बासरीत इतकी बालनावं आठवत नाहीत. मला त्यामागे एक साधं शारीरिक कारण दिसतं. दक्षिणेची बासरी आखूड आहे, तिची छिद्रं जवळजवळ आणि लहान. सहा-सात वर्षांच्या मुलाची बोटं तिच्यावर पोचतात. आपली मैफलीची बासरी अडीच फुटांची. पन्नालाल घोष यांनी ती सुमारे 32 इंचांपर्यंत नेली आणि सातवं छिद्र घातलं, तेव्हा कुठे तिच्यात खयालाला लागणारी मंद्रातली खोली आली. तिच्या छिद्रांवर मोठ्या माणसाचीही बोटं ताणावी लागतात. मुलाला ती देणं म्हणजे त्याच्या मनगटांवर अन्याय आहे. म्हणून हिंदुस्थानी बासरीवाला बहुतेक वेळा हात वाढल्यावर, दहा-पंधरा वर्षांचा झाल्यावर तिच्याकडे येतो.

आणि येताना गाणं घेऊन येतो. हरिप्रसाद चौरसियांचंच पाहा. जन्म 1938, अलाहाबाद. वडील पहिलवान, मुलानं आखाड्यात यावं ही त्यांची इच्छा. मुलगा वडिलांच्या नकळत शेजारच्या पंडित राजाराम यांच्याकडे गाणं शिकत होता. रेडिओवर भोलानाथ प्रसन्ना यांची बासरी ऐकली आणि गाण्याकडून तिच्याकडे वळला. 1957 मध्ये कटक आकाशवाणीत नोकरी, मग मुंबई. चित्रपटांत नाव झालं, पैसा आला, तरी शिकायला ते गेले अन्नपूर्णा देवींकडे. त्या सूरबहार वाजवायच्या, बासरीला त्यांनी कधी ओठ लावला नाही. त्यांनी बराच काळ नकार दिला. पाटी कोरी करून पहिल्यापासून शिकायची तयारी हवी, ही त्यांची अट. ती तयारी दाखवायला हरिप्रसादांनी उजव्या बाजूला धरायची बासरी डावीकडे घेतली, म्हणजे वर्षानुवर्षं मुरलेली बोटांची सगळी सवय मोडून नव्यानं सुरुवात केली. मुंबईतल्या त्यांच्या घरात सूरबहारवाली गुरू गाऊन दाखवायची आणि शिष्य बासरीवर ते उतरवायचा.

पन्नालाल घोष यांची कथाही याच वळणाची. 1911 साली बारिसालला जन्म, वडील सतारवादक. गुरूंपैकी खुशी मोहम्मद खाँ हार्मोनियमवाले, गिरिजाशंकर चक्रवर्ती गवई, आणि 1947 नंतरचे उस्ताद अल्लाउद्दीन खाँ सरोदिये. तिघांतला एकही बासरीवाला नाही. 1940 मध्ये ते मुंबईला आले. देवेंद्र मुर्डेश्वरांसारखे शिष्य त्यांनी तयार केले आणि महाराष्ट्रातल्या बासरीवर आजही त्यांची छाया आहे. माली, पन्नालाल, हरिप्रसाद अशी तीन वेगळ्या प्रदेशांतली, वेगळ्या स्वभावांची माणसं. तिघांनाही खरी दिशा दिली ती बासरी न वाजवणाऱ्या गुरूंनी. याला अपवाद आहेत, रमणींचे आजोबा होतेच, भोलानाथ प्रसन्नाही होते. पण बासरीवर बोटं कुठे ठेवायची हे शिकायला काही महिने पुरतात. काय वाजवायचं, हे मात्र बासरी शिकवत नाही.

आता या कथेची दुसरी बाजू. माली मोठा झाला तसा मैफलीशी त्याचा संबंध अवघड होत गेला. उशिरा येणं, न येणं, मधेच उठून जाणं याचे किस्से दक्षिणेत अजून सांगितले जातात. काही काळ तो व्यासपीठापासून दूरच राहिला, काही वर्षं अमेरिकेत काढली. 31 मे 1986 रोजी, साठी गाठायच्या आत त्याचं निधन झालं. तरीही लोक त्याची वाट पाहत बसायचे, कारण ज्या दिवशी तो मनापासून वाजवी त्या दिवशीचं वादन दुसरीकडे कुठे ऐकायला मिळत नसे. या सगळ्याचा दोष बालपणीच्या मैफलींवर ढकलणं सोपं आहे, पण एका आयुष्यावरून असा निकाल देऊ नये. त्याच्या लहरीपणात परिपूर्णतेचा ध्यासही होताच. हवा तसा स्वर लागत नसेल तर पुढे न जाण्याची जिद्द होती.

मात्र सातव्या वर्षापासून लोकांसमोर बसणाऱ्या मुलाला चुका करण्याची मोकळीक कधी मिळते, हा प्रश्न खरा आहे. याच काळात आपल्याकडे जे घडलं ते तुलनेला घ्यावं असं आहे. मालीपेक्षा दोन वर्षांनी मोठा असलेला बेळगाव जिल्ह्यातल्या सुळेभावीचा एक मुलगा गावोगाव गाऊन लोकांना थक्क करत होता. मोठमोठ्या गवयांच्या ध्वनिमुद्रिका ऐकून तो हुबेहूब गायचा. हा शिवपुत्र कोमकली म्हणजेच आपले कुमार गंधर्व. प्रा. बी. आर. देवधरांनी त्याला मुंबईत आपल्याकडे ठेवून घेतलं आणि पुढची सुमारे अकरा वर्षं घडवलं. नकलेतून स्वतःच्या गाण्याकडे जायला त्याला वेळ, संगत आणि छप्पर दिलं. अंगात इतकं असताना त्याला अजून शिकायचं आहे असं ठरवणं, आणि ते मुलाला पटवणं, यासाठी देवधरांसारखं मोठं मन लागतं. कुमारांच्या पुढच्या गाण्यात त्या वर्षांचा वाटा फार मोठा आहे, असं मी मानतो.

शशांक सुब्रमण्यम यांच्या बाबतीत हे अधिक विचारपूर्वक झालेलं दिसतं. जन्म 1978, कर्नाटकातलं रुद्रपट्टण. हे संगीतज्ञांचं गाव म्हणूनच ओळखलं जातं. वडील जीवरसायनशास्त्राचे प्राध्यापक, तेच पहिले गुरू. सहाव्या वर्षी मैफली सुरू झाल्या आणि बाराव्या वर्षी मद्रासच्या म्युझिक अकॅडमीनं त्यांना ज्येष्ठ कलाकारांसाठी राखलेली वेळ दिली. या संस्थेच्या डिसेंबरमधल्या महोत्सवात ती वेळ मिळायला माणसं आयुष्य घालवतात. पण त्याच्या बरोबरीनं शिक्षण थांबलं नाही. आर. के. श्रीकंठन आणि पालघाट के. व्ही. नारायणस्वामी या दोन गवयांकडे ते गाणं शिकले, पुढे पंडित जसराज यांच्याकडे हिंदुस्थानी संगीतही. पुन्हा गवईच! प्रसिद्धी मिळालेला मुलगा गुरूसमोर बसून नियमित गात राहिला, म्हणून त्याची बासरी बालपणाच्या कौतुकापाशी अडली नाही.

आज पुण्या-मुंबईपासून सिंगापूरपर्यंत अनेक मराठी घरांत मुलं बासरी शिकतात. बाजारात ती सहज मिळते, बरीचशी उत्तर प्रदेशातल्या पिलिभीतची, आसामच्या लांब पेरांच्या बांबूची. शिकवण्या आहेत, पडद्यावरचे धडे आहेत. आईवडिलांना माझं सांगणं एवढंच. मुलाच्या हाताला झेपेल अशी आखूड बासरी घ्या, लांबीच्या मोहात पडू नका. सुरुवातीला फुंकरीचा जोर जास्त लागतो आणि चक्कर येते. तेव्हा थांबवा, पाणी द्या, उद्या पुन्हा. पहिले काही महिने एकेक स्वर लांब, न हलता धरायला लावा. आणि बासरीच्या शिकवणीइतकंच गाण्याच्या शिकवणीला महत्त्व द्या. जे वाजवायचं ते आधी मुलाला तोंडानं म्हणता आलं पाहिजे. तंबोऱ्यावर ‘सा’ लावता येणं हे बासरीचं पहिलं बोट आहे. घरात चांगलं गाणं वाजू द्या, मालीच्या ध्वनिमुद्रिकाही ऐकवा. व्यासपीठावर बसवायची घाई करू नका, आणि बसवलंत तर त्यानंतरच्या सकाळी मूल गुरूसमोर गायला बसेल याची काळजी घ्या.